मोघेकाकांचा सामुराई

आमच्या शेजारच्या मोघेकाकांना जपानी येत नाही, तरी रोज दुपारी ते एका जपानी सामुराईच्या वतीने बोलतात. तेही खणखणीत आवाजात आणि आमच्या जबलपुरी मराठीत. दोन्ही घरांत भिंत एकच, त्यामुळे सामुराई आमच्याकडेही येतो.

"काहून बे, एकट्याला घेरून राहिले? चलो, या एकेक करून."

मग तलवारींचा आवाज. मग पुन्हा काका, "गेला. दुसराही गेला. तिसरा विचार करून राहिला." तिसऱ्याचं काय झालं हे कळेपर्यंत माझी तव्यावरची पोळी करपते.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. भाच्याने टीव्हीवर हा जपानी सिनेमा लावून दिला आणि तेव्हापासून त्यांना दुसरा चालत नाही. खाली इंग्रजी ओळी येतात, त्या ते वाचत नाहीत. "सिनेमा पाहावा का अक्षरं?" म्हणतात. त्यामुळे गोष्ट त्यांची स्वतःची. सामुराईचं गाव बरगीजवळ, नदी अर्थात नर्मदा, आणि दुष्ट सरदाराने तलवारीला धार लावून आणली ती आमच्या इथल्या गोहलपुरातून. सामुराई नुसता उभा राहिला की काकांचा आवाज उतरतो. "अच्छा, आता याला घर आठवून राहिलं." मग बराच वेळ धुकं, नाव, पाण्यावरचे बगळे. मी भिंतीला टेकून ऐकत राहते आणि दुपार कुठे जाते ते कळत नाही.

हे सगळं काकूंसाठी. मागच्या वर्षी काकूंची नजर गेली. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी आता आशा नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत. जेवणही नको. या सिनेमात पहिला घोडा दौडला तेव्हा त्यांनी कूस बदलून विचारलं, "कोण आलं हो?" काका त्या दिवशी जे सांगायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. सामुराई ऐकायला काकू उठून बसतात, ऐकता ऐकता चार घास खातात. सिनेमा बंद करायची काकांना भीती वाटते.

परवा मी साबुदाण्याची खिचडी द्यायला गेले. पडदे ओढलेले, खोलीभर टीव्हीचा निळसर उजेड, काकूंचा हात काकांच्या हातात. शेवट आला होता. सामुराई चिखलात पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर पाऊस पडत होता. काका डोळे मिटून सांगत होते.

"नावेतून उतरला. घरात दिवा आहे. बायको विचारून राहिली, इतका उशीर काहून केला? तो म्हणतो, आलो ना आता."

काका चहा ठेवायला आत गेले, तशी काकूंनी माझी ओढणी चाचपून मला जवळ ओढलं.

"मरतो ना गं तो?"

मी खिचडीचं भांडं खाली ठेवलं.

"तलवार पडल्याचं ऐकू येते मला. मग कोणीतरी रडते. घरी पोचलेल्यासाठी कोण रडते, सांग." त्या हसल्या. "यांना नको बोलू. रोज त्याला घरापर्यंत आणून सोडतात बिचारे."

"काय बोलून राहिल्या दोघी?" आतून काकांनी विचारलं.

"काही नाही. घरी आल्यावर त्याला जेवायला काय वाढते ती, ते तुम्ही कधी सांगतच नाही."

आत कपांचा आवाज थांबला.

"पिठलं," काका म्हणाले. "तू करत होतीस ना, तसं."