तंटा क्रमांक चौदा : सामनेवाला चीन

रविवारी सकाळी भगीरथ विशे याने वहीतील एक कोरा कागद घेतला, त्याच्या मध्यभागी पट्टीने रेघ ओढली, डाव्या बाजूस ‘करावे’ व उजव्या बाजूस ‘करू नये’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि दोन तासांच्या गंभीर चिंतनानंतर त्याच्या ध्यानात आले की दोन्ही बाजूंस बरोबर सात-सात कारणे झालेली आहेत.

“अवो, मग आठवं लिवा ना,” त्याची पत्नी नम्रता म्हणाली. “कंच्या पन बाजूला लिवा, पन कागद उचला. मला वाल निसायचेत.”

“नम्रता, हा आयुष्याचा प्रश्न हाय.”

“आयुष्याचा असंल, पन मांडलाय माज्या पाटावर.”

प्रश्न असा होता. भगीरथ हा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हजेरी-कारकून होता. कारखान्यात नळाच्या प्लास्टिकच्या तोट्या तयार होत. कल्याणला ये-जा करून त्याने सहा वर्षांत कायद्याची पदवी संपादन केली होती. तथापि वकिलाचा काळा कोट त्याच्या अंगावर एकदाच चढला होता, तोही फोटो काढण्यापुरता. गावात त्याला कोणी वकील म्हणत नसे. सर्व लोक त्यास ‘हजेरीवाला’ म्हणत, आणि हे संबोधन त्याच्या अंतःकरणात बाभळीच्या काट्यासारखे रुतून बसले होते.

त्यातच कारखान्यातील चीनहून मागविलेले मोठे यंत्र सहा महिन्यांपासून बंद पडले होते. व्यवस्थापक सबनीस साहेबांनी चिनी कंपनीस अकरा पत्रे लिहिली, परंतु एकाचेही उत्तर आले नाही. करारात तर स्पष्ट म्हटले होते की वाद उद्भवल्यास तो चीनच्या कायद्यानुसार सोडविला जाईल. एके दिवशी साहेब कपाळावर हात मारून उद्गारले, “हा कायदा जाणणारा एक माणूस जरी माझ्याकडे असता, तरी त्याला मी कुठूनही उचलून माझ्या शेजारी बसवला असता!”

हे वाक्य हजेरीच्या खिडकीतून भगीरथाने ऐकले. त्याच आठवड्यात शहापूरच्या सायबर कॅफेत त्याला एक जाहिरात दिसली: चिनी व्यापारी कायद्यातील पदव्युत्तर पदवी, संपूर्ण अभ्यास इंटरनेटवरून, इंग्रजी माध्यमातून, नोकरी सांभाळून. अर्जाची अंतिम तारीख एकतीस मे. तेव्हापासून भगीरथाचे जेवणात लक्ष नव्हते. पदवी घ्यावी की न घ्यावी, या विचाराने त्याने एकदा स्वतःचीच गैरहजेरी मांडली.

अर्जासोबत परिसरातील एका प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला जोडावयाचा होता. गावात प्रतिष्ठित व्यक्ती एकच, कोंडू आबा. आबांनी उभी हयात भातसानगरच्या धरणावर दरवाज्यांच्या चाव्या सांभाळण्यात घालविली होती, आणि निवृत्तीनंतर ते गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष झाले होते. त्यांच्या चष्म्याची डावी दांडी सैल असल्याने ती दोऱ्याने कानाला बांधलेली असे. त्यांनी दोरा आवळून लिहावयास घेतले.

“सदर इसम चीन देशाच्या कायद्याचा अभ्यास करीत असून…”

“आबा, करीत असून नाय. करावा की नाय, याचा विचार करतोय, असं लिवा.”

आबांनी लेखणी थांबविली. “भगीरथा, दाखल्यात विचार लिवत नाय रे. दाखला म्हंजे दाखला. हाय तर हाय, नाय तर नाय.”

“पन माजं ठरलंच नाय अजून.”

“मग ठरव! मी काय धरनाचा दरवाजा अर्धा उघडून बसत व्हतो?”

भगीरथाने दाखला निमूटपणे खिशात घातला. परंतु दाखल्याची नक्कल समितीच्या फलकावर लावण्याची आबांची शिस्त होती, त्यामुळे भगीरथ चीनचा कायदा शिकतो ही वार्ता सायंकाळपर्यंत पाड्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी, भगीरथ तोंड धुवत असतानाच, पाड्यावरची ठकी अंगणात येऊन उभी राहिली. ती रानातला मध व करवंदे विकून गुजराण करीत असे. तिने पदराआडून एक निळी बॅटरी काढली.

“हजेरीवाल्या दादा, ही म्हशाच्या जत्रंत घेतली. तीन दिस उजेड पडला, आन मग मेली. इकनारा कुठला कोन, जत्रंसंगं गेला. यावर काय लिवलंय, तेवडं वाच.”

भगीरथाने ओल्या हाताने बॅटरी फिरवून पाहिली. “चीनमध्ये बनविली, असं लिवलंय.”

“म्हंजे चीननं फशिवलं मला?”

“तसं म्हनता येईल,” भगीरथ म्हणाला. हे वाक्य त्याने सौजन्याने उच्चारले होते. त्यातून पुढे काय उद्भवेल याची त्यास कल्पना नव्हती.

ठकी तडक कोंडू आबांकडे गेली. तिची तक्रार ऐकून घेणे हे आबांचे कर्तव्यच होते. त्यांनी समितीची नोंदवही उघडली आणि लिहिले: तंटा क्रमांक चौदा. अर्जदार ठकी. सामनेवाला चीन.

सायंकाळी हे वाचून भगीरथाच्या पायांखालची जमीन सरकली. “आबा, हे काय केलंत? खोडा आदी!”

“खोडू? पानापानावर शिक्का हाय. दहा तारखेला तालुक्याची मानसं तपासनीला येनार. खाडाखोड दिसली का गाव बाद!” आबांनी वही छातीशी धरली. “भगीरथा, वरीसभर राबून तेरा तंटे मिटवले मी. बांधाचे मिटवले, बोकडाचे मिटवले, सासू-सुनंचा मिटवला. आता चौदावा मिटला नाय, तर तंटामुक्तीचा पुरस्कार गेला. आन लोकं काय म्हनतील? भगीरथानं चीन गावात आनला, पन त्याला मिटवता नाय आला.”

“पन मी अजून शिकलोच नाय!”

“दाखल्यात तर ‘अभ्यास करीत असून’ लिवलंय,” आबा शांतपणे म्हणाले. “सही माजी हाय.”

त्या रात्री भगीरथास झोप लागली नाही. ‘करावे’ म्हणावे तर तपासणी तीन आठवड्यांवर आणि पदवी दोन वर्षांची. ‘करू नये’ म्हणावे तर गावात तोंड दाखविणे अशक्य. तो असा द्विधा मनःस्थितीत असताना आबांचे काम मात्र नियमानुसार चालू होते. समितीचा नियम असा की, सामनेवाल्यास नोटीस द्यावी. तो न भेटल्यास त्याच्या राहत्या जागी नोटीस चिकटवावी. आबांनी ग्रामपंचायतीचा शिपाई हनुमान यास बोलावले.

“हनम्या, आपल्या भागात चीनचं काय हाय का?”

हनुमानने डोके खाजविले. “मुरबाडला भगीरथच्या कंपनीत त्याचं मशीन हाय. मोट्टं. घराएवडं.”

“मग तीच राहती जागा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सबनीस साहेबांचा आवाज कारखान्यात घुमला. “विशे! इकडे या!”

भगीरथ धावत गेला. बंद यंत्राच्या ऐन दर्शनी भागावर, गव्हाच्या खळीने पक्की चिकटविलेली, दोन शिक्के मारलेली नोटीस होती: ‘चीन यांस कळविण्यात येते की, आपण समक्ष हजर राहून ठकी यांच्याशी समेट करावा.’

“हे तुमच्या गावाचं आहे?”

“होय साहेब. म्हणजे… मी फक्त विचार करत होतो.”

“असला विचार करता तुम्ही? कामाच्या वेळेत?”

साहेब नोटीस फाडावयास गेले, पण आबांची खळ निघेना. इतक्यात चिनी कंपनीचा मुंबईचा प्रतिनिधी थकलेल्या हप्त्याच्या वसुलीस आला. शिक्के पाहून तो दचकला. त्याने नोटिशीचे चार फोटो काढले व तो लगोलग निघून गेला. साहेबांनी भगीरथाकडे असे पाहिले की त्याने मनातल्या मनात ‘करू नये’च्या रकान्यात नोकरी गेल्याचे कारणही मांडून टाकले.

आणि आश्चर्य असे की, अकरा पत्रांना न बधलेली ती कंपनी त्या नोटिशीने हादरली. भारतातील कोणत्या तरी समितीने यंत्र जप्त केले, असा तिने समज करून घेतला असावा. दहाव्या दिवशी ल्यू नावाचा एक तरुण चिनी अभियंता हातात हत्यारांची पेटी घेऊन मुरबाडास हजर झाला. दोन दिवसांत यंत्र सुरू झाले. सबनीस साहेबांना इतका आनंद झाला की, तपासणीच्या आदल्या रविवारी त्यांनी स्वतःच्या जीपमधून ल्यूस गावात आणले.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठकी बॅटरी घेऊन बसली होती. सामनेवाला समोर येताच तिने त्यास आपादमस्तक न्याहाळले.

“ह्यो चीन? अगो बाय, ह्यो तर पोर हाय! जेवला का नाय रं?”

ल्यूने हसून लाल मुठीचा एक बारीक स्क्रू ड्रायव्हर काढला, बॅटरी उघडली, आतील एक तार खरवडून जागेवर बसविली. लख्ख उजेड पडला. ठकीने त्याच्या हातात मधाची बाटली ठेवली. तंटा मिटला, आणि तेथेच थांबला असता. परंतु उजेड पाहून गावाला कंठ फुटला. लखमाचा चार भोंग्यांचा मोबाइल आला, मंगळीचे गाणारे घड्याळ आले, कोणाचा रेडिओ, कोणाची छत्री. “भाऊ, एवडं बघ!” “दादा, माजं आदी!” ल्यूने सायंकाळपर्यंत एकतीस वस्तू दुरुस्त केल्या. घामाने निथळत, चहाचा नववा पेला हातात धरून, तो आपली पेटी पुन्हा पुन्हा उचकू लागला, ओट्याखाली वाकून पाहू लागला. तो काय बोलत होता ते कोणास उमगले नाही.

“दमलाय बिचारा,” आबा म्हणाले व त्यांनी नोंदवही पुढे केली. ठकीने अंगठा उठविला. ल्यूने थोडा विचार केला, आणि सही करण्याऐवजी चिनी लिपीत चांगल्या तीन ओळी लिहिल्या.

“बघा, कसा मनापासून लिवतोय,” आबा गहिवरले.

दहा तारखेला तालुक्याची माणसे आली. कोंडू आबा नोंदवही घेऊन ताठ उभे होते. चष्माही नाकावर ताठ बसला होता. कानाचा दोरा दिसत नव्हता. तपासनीसांनी चौदाव्या तंट्यावर बोट ठेवले.

“हे काय लिहिलं आहे?”

आबा मागे वळले आणि मोठ्याने म्हणाले, “सांग रे, वकिला!”

वकिला! आयुष्यात प्रथमच भगीरथाने हा शब्द ऐकला. त्याचे डोळे पाणावले. त्या तीन ओळींवरून त्याने गंभीरपणे नजर फिरविली, दुसऱ्या ओळीवर किंचित थांबला, आणि म्हणाला, “समेट मान्य आहे. कसलीही तक्रार राहिलेली नाही.”

तपासनीसांनी शेरा मारला. गाव उत्तीर्ण झाले. हनुमानने फटाके उडविले. तेही चीनचेच होते आणि त्यांतले निम्मे उडाले नाहीत, पण त्या दिवशी कोणी तक्रार नोंदविली नाही.

तीस मे रोजी सबनीस साहेबांनी भगीरथास आपल्या खोलीत बोलाविले. “विशे, चिनी कंपनीचा फॅक्स आहे. इंग्रजीत आहे. विषय मात्र तुमच्या गावाचा आहे.”

भगीरथाने तो फॅक्स एसटीत तीन वेळा वाचला आणि उतरताच थेट आबांचे घर गाठले.

“आबा, त्या ल्यूनं वहीत समेट नव्हता लिवला. त्यानं तक्रार लिवली व्हती. दुरुस्तीच्या गडबडीत त्याचा लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आपल्या गावात राह्यला. त्याच्या बापानं दिलेला व्हता. कंपनी इचारते, समितीनं निकाल काय लावला?”

आबांनी नोंदवही पुढे ओढली. “म्हंजे… तंटा क्रमांक पंधरा?”

“हो. अर्जदार चीन.”

“आन सामनेवाला?”

“तेच शोधायचं हाय.” भगीरथाची दृष्टी आबांच्या चष्म्यावर स्थिरावली. “आबा, तुमची दांडी ल्यूनं बसवली का?”

“नाय रे. एकतीस वस्तूंत माजा नंबर कुटं लागतो? मीच बसवली. घरी.”

“कशानं?”

आबांनी उठून देवळीतून लाल मुठीची ती वस्तू काढली. “ओट्यावर पडला व्हता. मी म्हनलं, आपलाच कोनाचा तरी असंल. द्यायचाच व्हता.”

“मग पोस्टानं पाठवून देऊ.”

“पाठवला का कबूल केल्यासारखं नाय का व्हनार?” तेरा तंटे मिटविणारे आबा कुजबुजले. “त्यांच्या कायद्यात काय म्हनतात याला?”

“मला नाय माहीत, आबा.”

“मग शिक की रे! तारीख कंची हाय?”

“उद्या शेवटची.”

“दाखला हाय ना? मग आता बसलास कशाला?”

घरी येऊन भगीरथाने तोच कागद काढला व ‘करावे’च्या बाजूस आठवे कारण लिहिले: ‘आबांचा बचाव.’ परंतु लगेच त्याच्या मनात आले की, आपणांस चिनी कायदा आला, तर उद्या कोणीही त्या तीन ओळी पुन्हा वाचावयास सांगेल, आणि गावाचा पुरस्कार जाईल. त्याने ‘करू नये’च्या बाजूसही आठवे कारण लिहिले, आणि दोन्ही हातांनी डोके धरले.

नम्रताने त्याच्या खांद्यावरून वाचले. “अवो, तुमीच बोल्लात ना, सगळा अभ्यास इंग्लिशमधी हाय?”

“हो.”

“मग चिनी वाचायला तुमाला येनारच कसं?”

भगीरथाने पेन उचलले आणि उजवीकडचे आठवे कारण खोडले. घरच्या कागदावर खाडाखोडीस मनाई नव्हती.