सासऱ्यांसाठी एक सोपं पुस्तक

माणूस बघितला की त्याला कोणतं पुस्तक द्यायचं हे मला कळतं. सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे, थट्टा नाही. त्यामुळे सासऱ्यांनी दवाखान्यात पडल्या पडल्या पुस्तक मागितलं तेव्हा मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. डॉक्टरांनी फार तर तीन आठवडे म्हटलं होतं, आणि ते सासऱ्यांनाही ठाऊक होतं.

"सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास हवाय," ते म्हणाले. "सोपा. जाडजूड नको."

"बाबा, हे मधेच कुठून आठवलं?"

सासरे कारखान्यात युनियनचे चिटणीस होते. "आमचा पुढारी गेला आणि महिन्याभरात आम्ही चारशे जण पांगलो. यांच्या पुढाऱ्याला तर खिळे ठोकून मारलं. मग हे टिकले कसे? तेवढं कळलं की मी जायला मोकळा."

"परवा आणतो," मी म्हणालो.

पहिलंच पुस्तक उघडलं तर प्रस्तावनेत लिहिलेलं, वाचकाला रोमन साम्राज्य माहीत आहे असं गृहीत धरलंय. म्हणून रोमचं काढलं. त्यात ग्रीक गृहीत धरलेले. चौथ्या दिवशी मी इतका मागे पोचलो होतो की ख्रिस्त जन्मायला अजून चारशे वर्षं होती.

मग एकोणीस पुस्तकांची यादी घेऊन इतिहासाच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी पेन उघडलं. "हे जुनं झालं. हे एकांगी. हे चांगलं आहे, पण लेखकाचं आणि माझं बोलणं नाही." एकोणीसपैकी तीन उरली. ती तीन दुसऱ्या प्राध्यापकांनी खोडली.

इकडे बायको रोज विचारायची, "अहो, बाबा पुस्तकाची वाट बघताहेत. देताय ना?"

"चुकीचं पुस्तक देऊ का?" मी म्हणायचो. ती डबा उचलून दवाखान्यात निघायची.

शेवटी एक निवृत्त पाद्री सापडले. जन्मभर हाच इतिहास शिकवलेला. म्हणाले, "वाचकाला भेटल्याशिवाय कसं सुचवू?" मला माणूस एकदम पटला. दुसऱ्या दिवशी दुपारी लांब झगा, हातात काळी बॅग, असे ते माझ्याबरोबर वॉर्डच्या दारात उभे राहिले.

पाद्री आले म्हणजे कुणाची तरी शेवटची प्रार्थना, असंच सगळ्या वॉर्डाने धरलं. सासूबाईंच्या हातातला पेला खाली पडला. "आजचाच दिवस, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं आणि आम्हाला नाही?" म्हणत त्या रडायलाच लागल्या. पलीकडच्या कॉटवरच्या माणसाचं साधं हर्नियाचं ऑपरेशन होतं, त्याने पांघरूण डोक्यावरून घेतलं. त्याची बहीण पाद्रींपुढे हात जोडून म्हणाली, "आमच्या भावाचं नक्की काय निघालंय, खरं सांगा."

"मी फक्त पुस्तक सुचवायला आलोय," पाद्री म्हणाले. यावर कोण विश्वास ठेवणार?

सासरे मात्र हसले. हसता हसता ठसका लागला, तो थांबेना. नर्सने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

पाद्रींनी जाताना बॅगेतून एक पातळ पुस्तक काढून दिलं. एकशे बारा पानं, अगदी हवं तसं. "तुमच्या ग्रंथालयाला भेट," म्हणाले. आता भेट म्हटल्यावर नोंद आली, शिक्का आला, कव्हर आलं. बिननोंदीचं पुस्तक मी आजवर कुणाला दिलेलं नाही. तीन दिवस गेले.

घेऊन गेलो तेव्हा सासऱ्यांना अक्षर लागत नव्हतं. त्यांनी पुस्तक नुसतं हातात धरलं. "तुम्हीच सांगा, जावईबापू. एवढी पुस्तकं धुंडाळलीत. कसे टिकले?"

मी एकोणीस पुस्तकं उघडली होती. प्रस्तावनेच्या पुढे एकातही गेलो नव्हतो.

"उद्या वाचून सांगतो," मी म्हणालो.

तीस वर्षं मालकांचं 'उद्या' ऐकलं होतं त्यांनी. "बरं," म्हणाले आणि पुस्तक परत दिलं. सकाळी ते गेले.

अंत्यविधी उरकल्यावर मी ते वाचायला घेतलं. उत्तर नवव्या पानावर होतं. ही माणसं कुणाच्या तरी घरी जमायची, एकत्र जेवायची आणि कुणी आजारी पडलं की त्याच्या उशाशी बसून राहायची.

त्या पंधरा दिवसांत मी सासऱ्यांच्या उशाशी सगळी मिळून चाळीस मिनिटं बसलो असेन. तीही पाद्रींची ओळख करून दिली ती धरून.