जागच्या जागी वळणारे यंत्र

गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की कमलाकर काटीकर सर उठत. चूळ भरून ते मागचे दार उघडत, बंबात चार चिपाडे सारत आणि संस्थेच्या तारेच्या कुंपणापर्यंत चालत जाऊन परत येत. तोवर प्रभाताईंचा स्टोव्ह फरफरू लागलेला असे. चहाला आधण आले की मागच्या फाटकाशी दूध घालणाऱ्या बजाबाईची चरवी वाजे. फाटकाला कुलूप असे. त्यामुळे बजाबाई चरवी तारेवरून आत वाकवी, प्रभाताई अलीकडून पातेले धरीत, आणि दोघींच्या मध्ये लोंबणारे कुलूप सवयीने कोणालाच दिसत नसे.

सर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत आणि संस्थेच्या विस्तीर्ण आवाराची देखभाल करीत. पावसाळा लागला की आवारात गुडघाभर गवत माजे. मागचे फाटक उघडून ते गवत कापून न्यायची परवानगी बजाबाईला द्यायची की नाही, हा प्रश्न सर दरवर्षी सर्व बाजूंनी तपासत. उत्तर दरवर्षी 'द्यावी' असेच येई. परंतु ते येईपर्यंत दिवाळी उलटलेली असे आणि गवताला कुसळे धरलेली असत; मग बजाबाई ते वाळकेच कापून नेई.

गेल्या स्नेहसंमेलनात या कुसळांनी अनर्थ केला. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब मंगळवेढ्याचे मोठे बागाईतदार. त्यांचे पांढरेशुभ्र धोतर आवार ओलांडून व्यासपीठावर पोचेस्तोवर साळिंदरासारखे झाले. प्रमुख पाहुणे चारित्र्यावर बोलत होते आणि आबासाहेब पोटरीवरची कुसळे उपटत होते.

"काटीकर," ते समारंभानंतर म्हणाले, "भाषण पावण्याचं आन् टोचत हुतं आमाला. औंदा गवत यंत्रानं कापायचं. मखमल दिसली पायजे. आन् यंत्र कसं, खात्रीचं घ्या."

खात्रीच्या यंत्राचा शोध सरांनी फेब्रुवारीत सुरू केला. तो जुलैपर्यंत चालला. पुण्याहून एक पेट्रोलवरचे यंत्र दाखवायला आले. ते सरळ रेषेत फार सुरेख चाले. पण आवारात जागोजागी कडुनिंब होते. प्रत्येक झाडापाशी ते यंत्र थांबे, माणूस त्याचा मागचा भाग उचलून फिरवी, आणि झाडाभोवती गवताचे एक कडे तसेच राही. शिवाय पेट्रोलचे नाव काढले की संस्थेचे चिटणीस डोळे मिटून घेत.

"थोडक्यात," सरांनी प्रभाताईंना समजावले, "आपल्याला जागच्या जागी वळणारं यंत्र हवं."

"मग घ्या की."

"तसं अस्तित्वात नाही."

"मग नका घेऊ. बजाबाई कापते की विळ्यानं. ती वळते जागच्या जागी."

"प्रभा, अध्यक्षांना यंत्र हवं आहे," सर म्हणाले. प्रभाताईंनी चहा गाळला.

अखेर एका बंद पडलेल्या बंगल्याच्या गॅरेजात सरांना हवे ते सापडले. साहेबाच्या काळातले, बैलजोडीने ओढायचे, गवत कापायचे यंत्र. त्यासोबत बैलांच्या खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून आठ कातडी जोडेही होते. सरांना आनंद झाला तो मात्र बैलांमुळे. जोडी वळते तेव्हा आतल्या अंगाचा बैल उभा राहतो आणि बाहेरचा त्याच्याभोवती फिरतो, हे त्यांनी मोहोळच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून कितीदा पाहिले होते. यंत्र जागच्या जागी वळणार होते. आबासाहेबांनीही तार केली, 'उत्तम. प्रात्यक्षिकाला येतो.'

या सगळ्या काळात बजाबाई रोज चरवी वाकवीत होती आणि तारेपलीकडून गवताकडे पाहत होती.

"औंदा गवत लई झ्याक हाय, सर," ती म्हणे. "म्हशीची चंगळ हाय की."

दुष्काळात तिने ती म्हैस छावणीत राखली होती. बैलजोडीतला एक बैल मात्र गेला होता आणि पाखऱ्या तेवढा उरला होता. आवाराचे गवत हीच तिची वर्षाची बेगमी, हे सरांना ठाऊक होते. यंत्राचे तिला सांगायला हवे, हेही ठाऊक होते. केव्हा सांगावे, याचा विचार चालू होता.

प्रात्यक्षिकासाठी महाविद्यालयाला सुट्टी असेल असा दिवस हवा होता. आबासाहेबांनी श्रावणातली अमावास्या कळवली. त्या दिवशी ते कसलाही व्यवहार करीत नसत, म्हणून मोकळे होते. सरांनी पंचांग पाहिले. त्या दिवशी पोळा होता, आणि पोळ्याला बैल कोणी जुंपत नाही एवढे त्यांना माहीत होते. ते भाड्याने बैल देणाऱ्या गुरुसिद्धप्पाकडे गेले. तो अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा माणूस.

"गुरुसिद्धप्पा, तुमच्या बैलाचा सण कधी?"

"झाला की, सर. कारहुणवीला. ज्येष्ठातल्या पुनवंला. आमचं तसंच असतंय."

आबासाहेबांच्या गावीही बेंदूर ज्येष्ठातच होऊन गेला होता. तेव्हा सरांच्या मनात प्रमेय सिद्ध झाले. ज्यांचा सण झाला ते बैल जुंपता येतात. गुरुसिद्धप्पाच्या बैलाचा सण झाला आहे. म्हणून अमावास्येला हरकत नाही. ते समाधानाने घरी आले.

अमावास्येला चार वाजता आबासाहेबांची जीप पुढच्या फाटकातून आत आली. यंत्र कडुनिंबाखाली तेल घालून उभे होते. गुरुसिद्धप्पा बैल घेऊन आला. एक बैल.

"दुसरा?" सरांनी विचारले.

"दुसरा बजाबाईचा की, सर. दुष्काळानं माजाबी एक गेला, तिचाबी गेला. तवापास्नं आमची सावड हाय. माजा बसू, तिचा पाखऱ्या. मिळून जोडी."

"आणि पाखऱ्या?"

"तो आज येत न्हाय. त्येचा पोळा हाय."

सरांनी चौकशी पूर्ण काळजीने केली होती. फक्त दोन बैलांपैकी एकाचीच केली होती.

आबासाहेबांना खुर्ची आणि सरबत देऊन सर पुढच्या फाटकाने वळसा घालून बजाबाईच्या अंगणात गेले. पाखऱ्याची शिंगे हिंगुळाने रंगवली होती, पाठीवर झूल होती, गळ्यात नवी घुंगरमाळ. तो एखाद्या व्याह्यासारखा गंभीरपणे उभा होता.

"बजाबाई, अर्ध्या तासाचं काम आहे," सर म्हणाले.

"आज? ह्येच्या खांद्यावर जू?" बजाबाईने ताट खाली ठेवले. "काल सांजच्याला ह्येचं खांदं हळद-तुपानं मळलं मी. 'आज आवतान घ्या, उद्या जेवाया या' म्हनलं. आवतान दिऊन पावण्याला जुंपायचं व्हय, सर?"

"नाही, ते खरं… पण आबासाहेब मंगळवेढ्याहून आलेत."

"मग त्येनला बी पोळी वाडते की. पर वडायचं काय हाय येवडं?"

सांगण्याची वेळ आली होती. सरांनी यंत्राचे सांगितले. बजाबाईने ऐकून घेतले. मग ती पाखऱ्याकडे, त्याच्या पलीकडे बांधलेल्या म्हशीकडे आणि शेवटी सरांकडे पाहत म्हणाली,

"म्हंजे माज्याच बैलानं माज्याच म्हशीच्या तोंडचं गवत कापायचं!"

"कापलेलं तुम्हीच न्या ना."

"मिसरीवानी बारीक हुतंय ते. मातीत मिसळलेलं. म्हैस काय दात घासंल त्येनं?"

सर परत आले तेव्हा आबासाहेबांचे सरबत संपले होते.

"काय खोळंबा हाय, काटीकर?"

"एक बैल कमी आहे."

"मग आमच्या डायवरला लावा."

परंतु ड्रायव्हर मारुतीच्या देवळाकडे पोळा बघायला गेला होता. गुरुसिद्धप्पाला हाकायचे होते. आबासाहेब अध्यक्ष होते. यंत्राची निवड सरांनी केली होती. तर्काने एकच नाव उरत होते.

"मी धरतो," सर म्हणाले.

गुरुसिद्धप्पाने बसूच्या पायांत जोडे चढवताना मान हलवली. "माज्या पायांत न्हाईत आन् बैलाला बूट." मग त्याने जुवाचे दुसरे टोक सरांच्या खांद्यावर दिले आणि ते घसरू नये म्हणून पट्टा त्यांच्या काखेतून घेऊन पक्का अडकवला. "सर, तुमी आतल्या अंगाला. वळताना काय करायचं न्हाय. नुस्तं हुबं ऱ्हायचं."

"ते जमेल," सर म्हणाले, आणि ते खरे होते.

गवताचा पहिला पट्टा खरोखर सुरेख कापला गेला. मागे हिरवी मखमल उलगडत गेली. आबासाहेब खुर्चीतून उठून "वा!" म्हणाले. कडुनिंब आला. सर उभे राहिले. बसू त्यांच्याभोवती संथपणे फिरला, यंत्र त्याच्यामागे फिरले, आणि झाडाभोवती गवताची एक काडी राहिली नाही. जागच्या जागी! खांदा सोलवटला असूनही सरांच्या चेहऱ्यावर सिद्धान्त खरा ठरल्याचे तेज आले. एक चप्पल मागे राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही.

त्याच वेळी रस्त्यावर हलगी वाजली. पोळ्याची मिरवणूक पुढच्या फाटकासमोरून देवळाकडे निघाली होती. बसूने कान टवकारले. हलगीचे त्याला काही नव्हते. त्या गोंगाटातून त्याने पाखऱ्याच्या घुंगरांची चाल ओळखली होती. तीन वर्षे ज्या सोबत्याच्या खांद्याला खांदा लावून तो चालला, तो आपल्याला सोडून कुठेतरी निघाला होता. बसूने सरांकडे एकवार पाहिले, आणि हा पाखऱ्या नव्हे, याबद्दल त्याची खात्री पटली असावी.

"निल्लु! निल्लु, बसू!" गुरुसिद्धप्पा कानडीत थांबवू लागला.

बसू थांबला नाही. तो धावलाही नाही. उशीर झालेल्या पाहुण्याच्या भारदस्त घाईने चालू लागला. पट्टा पक्का असल्यामुळे सरही चालू लागले. वाटेत प्रभाताईंच्या झेंडूंची रांग मखमलीत जमा झाली. "अहो! कुठं निघालात?" प्रभाताई ओसरीवरून ओरडल्या. "देवळाकडं असावं," सरांनी दम लागलेल्या आवाजात पण प्रामाणिकपणे उत्तर दिले. दुसरी चप्पल तिथे राहिली. फाटकाच्या दगडी उंबऱ्यावर पाती आपटून यंत्रातून मोठा खणखणाट झाला. त्यानंतर ते गवत कापायचे थांबले आणि नुसतेच मागे येत राहिले.

मारुतीच्या पारापाशी जोड्या ओळीने उभ्या होत्या. बसू पाखऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने सुस्कारा टाकला. हलगी थांबली. बसूच्या पायांत कातडी जोडे होते, आणि काटीकर सर अनवाणी होते.

बजाबाई औक्षणाचे ताट घेऊन आली. तिने पाखऱ्याला ओवाळले, पुरणपोळी भरवली. बसूला ओवाळले, पोळी भरवली. मग ती सरांसमोर थांबली. ओळीतून कोणीतरी म्हणाले, "बजाबाय, ह्यो नवा खोंड कुटला काडला?"

"गप ऱ्हा रं मुडद्या," बजाबाई म्हणाली. तिने ताट गुरुसिद्धप्पाच्या हातात दिले, सरांच्या काखेतला पट्टा सोडला आणि जू उतरवून खाली ठेवले. "आज कुणाच्याच खांद्यावर नगं." सोलवटलेला खांदा सदऱ्यातून दिसत होता. तिने पाखऱ्याच्या हळद-तुपाच्या वाटीत बोट फिरवून उरलेले तिथे लावले, आणि त्यांच्या हातावर पुरणपोळी ठेवली. सरांनी ती तिथेच, उभ्याने, खाल्ली. सहा महिने ज्या विषयाचा त्यांनी सर्व बाजूंनी विचार केला होता, त्याची एक बाजू राहून गेली होती. ती त्यांना आत्ता, खांद्याच्या आगीतून, दिसत होती.

आबासाहेब मागोमाग पायीच येऊन पोचले. हसू आवरायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनीही पोळी खाल्ली, आणखी एक मागून घेतली, यंत्राच्या दुमडलेल्या पात्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "काटीकर, ह्ये काय खात्रीचं न्हवं. आता कसं करायचं ते तुमचं तुमी बगा. फकस्त एक ध्यानात ठिवा. औंदा कुसळ न्हाय म्हंजे न्हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेचा भोंगा झाला. काटीकर सर उठले. चूळ भरून त्यांनी मागचे दार उघडले, बंबात चिपाडे सारली. मग खिळ्यावरची किल्ली घेऊन ते कुंपणापर्यंत चालत गेले. कुलूप गंजले होते. ते उघडायला थोडा वेळ लागला. फाटक कुरकुरत मागे गेले.

चरवी घेऊन आलेली बजाबाई सवयीने तारेवरून वाकली होती. ती सरळ उभी राहिली.

"विळे घेऊन या," सर म्हणाले. "आजपासून. कुसळ धरायच्या आत सगळं उरकायचं. आणि म्हशीलाही आणा."

"म्हशीला? आत?"

"झाडाभोवतीचं राहतं ना."

ऊन वर आले तेव्हा म्हैस कडुनिंबाच्या बुंध्याला लांब दाव्याने बांधलेली होती. ती खात खात फिरत होती, आणि तिच्यामागे कंपासाने काढावे तसे गोल, स्वच्छ वर्तुळ उमटत होते. प्रभाताई चहाची कपबशी घेऊन फाटकाशी आल्या आणि बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या.

"हे खात्रीचं आहे का?"

"जागच्या जागी वळतं," सर म्हणाले. त्यांनी बशीतला चहा संपवला. दूध आज दाट होते. मग हातातली किल्ली खिळ्याला परत लावण्यासाठी ते घराकडे वळले, दोन पावले चालले, थांबले; आणि परत येऊन त्यांनी ती बजाबाईच्या ओंजळीत ठेवली.