सदाशिवराव ग्रेडर यांची समीक्षा

मी फक्त खडू मागितला होता. पण त्या दिवसाचा विषय निघाला की बेबी (माझी बायको) 'खडू' हा शब्द अशा आवाजात उच्चारते, की ऐकणाऱ्याला वाटावं मी अर्ध्या दिग्रस गावाला आग लावून आलो होतो.

मी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर काढायचा, बोटांत ओढून धागा पाहायचा आणि ग्रेड सांगायची. सुपर, फेअर, नाहीतर फरतड. फरतड म्हणजे सगळ्या वेचण्या झाल्यावर झाडावर उरलेला शेवटचा, जीव नसलेला कापूस. वीस वर्षं हेच केलं. सवय अशी लागली की जेवताना भाजीलाही तोंडून 'फेअर' निघून जातं (आणि मग दोन दिवस भाजी मिळत नाही).

पण तो हंगाम बेकार गेला. सरकारी भाव कोणाला परवडेना, लोक माल परस्पर खासगी जिनिंग कारखान्यांवर टाकू लागले. केंद्राच्या अंगणात बकऱ्या बसायच्या. मग माणसाने हाताला काय काम द्यावं? मी बसस्टँडसमोरच्या देवसिंगच्या दुकानातून पिक्चरच्या सीड्या भाड्याने आणू लागलो.

आता मी काही शिकलेला टीकाकार नाही, पण माझी मतं पक्की आहेत. हाणामारीचा पिक्चर भाड्यानेच आणावा, कारण मधे चहा घेता येतो आणि परत येईपर्यंत तेच चाललेलं असतं. विनोदी पिक्चर टॉकीजमध्येच पाहावा, कारण घरी एकटं हसलं की बायको येऊन विचारते, "माह्यावर हासून राह्यले का?" भुताचा पिक्चर आमच्या भागात आणूच नये. नेमकं भूत यायला आणि लाइट जायला एकच वेळ. कितीतरी भुतांचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि कापसाचा पिक्चर? तो तर कोणी आणूच नये! त्या शनिवारी दुपारी मी एक आणला. (नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात होईल.) नायक कापूस उत्पादक. अंगात इस्त्रीचा शर्ट. नायिका भर आषाढात, पाऊस पडत असताना, फुटलेला पांढराशुभ्र कापूस वेचते! आषाढात! आमच्याकडे तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, वीतभर असते. वर ती बाई नाचत नाचत पऱ्हाटीत लोळते. जरीची साडी नेसून! अहो, पऱ्हाटीच्या बोंडांची टोकं हाताची सालटी काढतात. ती लोळून उठली तर साडीचा एक धागा निघालेला नाही. वीस वर्षांत मी एवढा कधी चिडलो नव्हतो. त्यात सीडी मधूनमधून अडकायची. बाई लोळतानाच अडकली, त्यामुळे ती चार मिनिटं लोळली.

दुसऱ्या दिवशी रविवारी आमच्या मुलीला पाहायला उमरखेडहून पाहुणे येणार होते. आमची मुलगी समीक्षा. (नाव मीच ठेवलेलं. रविवारच्या पेपरात वाचलं आणि आवडलं. बेबी 'पुष्पा' म्हणत होती. पुष्पा ठेवलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.) मुलगा रजत, शाळेवर मास्तर. या आधी दोन स्थळं समीक्षाने फोटोवरूनच परत पाठवली होती. रजतचा फोटो मात्र तिने परत केला नाही, अभ्यासाच्या वहीत ठेवला. ते मी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. हे स्थळ हातचं जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

सकाळी बेबीने मला बालुशाही आणायला पाठवलं. "सीधं जा अन् सीधे या," असं बजावून. मी जाता जाता सीडी परत करावी म्हणून देवसिंगकडे थांबलो.

"असा पिक्चर देतेत का, देवसिंग?" मी काउंटरवर सीडी आपटली.

"ग्रेडरसाहेब, तुमी चौथे," देवसिंग शांतपणे म्हणाला. "तिघं जनं नेऊन दुसऱ्याच दिवशी वापस देऊन गेले. एकानं तर अर्धीच पाह्यली."

"मंग लोकाईले सांगत काहून नाही?"

"मी कसा सांगू? माह्यं दुकान हाय. तुमी सांगा."

दुकानाबाहेर नव्या सीड्यांची नावं लिहायचा फळा होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खडू मागितला.

लिहायला लागलो आणि वीस वर्षांचा ग्रेडर अंगात संचारला. पेपरात वर जसं छापतात तसं ठळक शीर्षक दिलं, आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात:

*सदाशिवराव ग्रेडर यांची समीक्षा*
*ग्रेड : फरतड.*
*दिसायला पांढरीशुभ्र, आत काही नाही.*
*कामाच्या वेळी लोळत पडते. मधूनमधून अडकते.*
*आतापर्यंत तिघांनी नेली, तिघांनीही दुसऱ्या दिवशी परत आणून दिली.*
*घरी नेऊ नये. पस्तावाल.*

पिक्चरचं नाव इथेही मुद्दाम टाळलं, फुकटची जाहिरात नको. दोन पावलं मागे जाऊन वाचलं. छान वाटलं. (ज्या नावाने आपण मुलीला बावीस वर्षं रोज हाक मारतो, त्या शब्दाला दुसरा काही अर्थ आहे हे ध्यानात राहत नाही. हे मी बेबीलाही सांगून पाहिलं. तिच्या ध्यानात राहिलं असतं म्हणे.)

बालुशाही घेऊन घरी पोचलो, तासाभराने पाहुणे आले. रजत, त्याचे वडील श्रावणराव आणि आई विमलताई. बसस्टँडवर उतरून समोरच्याच दुकानात त्यांनी आमचा पत्ता विचारला होता. हे मला नंतर कळलं.

तेव्हा मला एवढंच दिसलं, की तिघांचे चेहरे उतरलेले आहेत. बालुशाहीला कोणी हात लावेना. विमलताई आतल्या दाराकडे अशा पाहत होत्या, की तिथून आता काय बाहेर येईल कोण जाणे. शेवटी श्रावणराव खाकरले.

"भाऊ, आमी फळा वाचला. अक्षर तुमचंच ना?"

मला काय आनंद झाला! उमरखेडचे लोक, आणि आल्या आल्या माझं लिखाण वाचून आले. "माह्यंच! कसं वाटलं?"

"सरं खरं आहे थे?"

"एक शब्द खोटा नाही! उलट कमीच लिवलं."

श्रावणरावांनी विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंनी पदर तोंडाला लावला.

"पन बाप्पा, असं चारचौघांत लिवाव का मानसानं?" श्रावणराव म्हणाले.

"लिवावंच! कोनी तरी सांगायले पायजे. लोकाईनं आंधळेपनानं घरी न्यावी अन् डोक्शाले हात लावून बसावं का?"

"तिघांनी वापस केली म्हंता?"

"दुसऱ्याच दिवशी! एकानं तर अर्धीच पाह्यली."

"अर्धी?" विमलताई ओरडल्या.

"त्याच्यापुढं पाहवतच नाही, बाई!"

श्रावणराव उठले. "चला. एकची गाडी भेटते. भाऊ, तुमचे उपकार आहेत. असा खरं बोलनारा बाप म्या जिंदगीत पाह्यला नाही."

बेबी माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे. माझ्या मनात फक्त एवढंच, की पिक्चर आवडला नाही म्हणून कोणी स्थळ मोडतं का? आणि तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन समीक्षा बाहेर आली.

"बाबा, फळ्यावर काय लिवलं?"

मग रजतने घसा साफ केला आणि मास्तर लोक कविता म्हणून दाखवतात तसा अख्खा फळा पाठ म्हणून दाखवला. शीर्षकासकट.

शीर्षक ऐकताना पहिल्यांदा माझ्या कानात ते नाव शिरलं. बोलायला गेलो तर नुसतं "सीडी... सीडी..." एवढंच बाहेर पडलं. मधूनमधून अडकायला लागलो तो मीच.

समीक्षाचे कप ट्रेवर खडखडायला लागले. मला वाटलं रडते. पोरीच्या वहीतला तो फोटो डोळ्यांसमोर आला, आणि त्या क्षणी मला कोणी कवडीमोलाने विकत घेतलं असतं तरी मी गेलो असतो. पण ती हसत होती. हसून हसून तिने ट्रे खाली ठेवला.

"काकू, थे माह्यावर नाही. पिक्चरची समीक्षा हाय. बाबा कापसावानी पिक्चरलेही ग्रेड देतेत."

"आम्ही कायले मानाव?" विमलताई म्हणाल्या. त्या काही हसत नव्हत्या. "दाखवा थो पिक्चर."

मग आमची वरात निघाली. पुढे विमलताई, मागे आम्ही सगळे, सगळ्यात मागे मी, हातात बालुशाहीचा डबा. (तो कोणी माझ्या हातात दिला आणि का, हे मला आजही माहीत नाही.) देवसिंगने दुकानातल्या टीव्हीवर सीडी लावली. आषाढातला पाऊस, पांढराशुभ्र कापूस आणि जरीची साडी. बाई लोळायला लागली आणि त्याच जागी अडकली.

विमलताई स्वतः वेचणीला जाणाऱ्या. त्या लोळणाऱ्या बाईकडे पाहता पाहता त्यांच्या नाकपुड्या फुगल्या.

"इले एक दिवस माह्या वावरात पाठवा! नुसती घोळून काढते पऱ्हाटीत!" मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमाले काही समजत नाही. फरतड म्हंता इले? फरतडीचा निदान गादीत भरायले तरी उपेग होते!"

माझी ग्रेड वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी खाली आणली होती, पण मी मान्य केली. विमलताईंनी डब्यातली बालुशाही उचलली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. रजत समीक्षाजवळ जाऊन हळूच म्हणाला, "तसं मी दुसऱ्याची समीक्षा वाचून पिक्चर सोडत नाही. सोता पाहूनच ठरवतो." समीक्षा म्हणाली, "मंग ठरवलं का?" पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण बेबीने फळ्याचं पोतेरं माझ्या हातात कोंबलं होतं.

लग्न वैशाखात झालं. शूटिंगची सीडी निघाली. आमच्या नातेवाइकांना ती पुरेना म्हणून मी एक प्रत देवसिंगकडे ठेवली, ज्याला पाहायची त्याने न्यावी. आठवड्याने केंद्रावरून येताना सहज पाहिलं, तर दुकानापुढे गर्दी आणि फळ्यावर नवं लिखाण. वर शीर्षक होतं, 'समीक्षाचं लग्न'. खाली लिहिलं होतं:

*ग्रेड : सुपर. घरी न्यावी, सहकुटुंब पाहावी.*
*फक्त वधूपिता रडतो तेवढा भाग पुढे पळवावा. फरतड.*

अक्षर बेबीचं होतं.