कुंड्यांची ओटी भरणारे डोमाजीकाका

आमच्या बालाघाटात कुंडीची ओटी भरणारा माणूस एकच, डोमाजीकाका. भरवेलीच्या खाणीतून रिटायर झालेले, बायको वारलेली, मिशा मात्र अजून ड्यूटीवर.

दरवर्षी शिवरात्रीच्या सुमारास मैदानात रोपांचं प्रदर्शन भरतं. ते संपलं की उरलेली झाडं परत नेणं ती मांडणाऱ्या कंपन्यांच्या जिवावर येतं. मग ती शाळा, विहार, दवाखाना अशा ठिकाणी दान जातात. वाटपाआधी सगळी उतरतात आमच्या वाचनालयाच्या अंगणात. वाचनालय सांभाळतो मी, म्हणून काका मला मास्तर म्हणतात; पण त्या चार दिवसांत मालक काकाच.

सकाळच्या कोवळ्या उन्हात ते कुंड्यांमध्ये पाट टाकून डोळे मिटून बसतात. ओल्या मातीचा वास, पाम हलतात, काका डुलतात. पेपर वाचायला आलेली माणसंसुद्धा तिथं हळू बोलतात. मलाही पेंग येते, खोटं कशाला सांगू!

कोणी कुंडी न्यायला आलं की काका उठतात, कुंडीला हळदकुंकू लावतात आणि मूठभर धान, म्हणजे टरफलासकट भात, मातीत घालतात.

मी एकदा म्हटलं, "काका, ओटीत तांदूळ असतो. अन् हे बाईमाणसाचं काम!"

"घरात बाई कुठं हाये गा मास्तर? तांदूळ मेलेला, धान जितं. सासरी जाणाऱ्या पोरीले जितंच द्या लागते."

जित्या धानानं करायचं तेच केलं. यंदा पंधरा दिवसांत शाळेच्या क्रोटनमध्ये हिरवंगार धान उगवलं! हेडमास्तर माझ्यावर तणतणले, "ये बगीचा है कि धान की बांधी? खेत बना दिया!" मी तसाच काकांवर भडकलो, "काहून करता हा उपद्व्याप?"

काका पहिल्यांदाच ओशाळले. "सुशीनं आपल्या मनानं लगन केलं ना मास्तर. जातानी पाया पडायले आलती. मी दारच नाही उघडलं. रिकाम्या ओटीनं गेली माही पोर."

माझा राग कुठल्या कुठं गेला. हेडमास्तरांपुढं जाऊन हात जोडले, सगळं सांगितलं. त्यांनी धान उपटलं नाही, उलट रोज पाणी घातलं.

मृगाच्या तोंडावर लोंब्या पिकल्या. काकांनी स्वतः कापल्या, मूठभर धान रुमालात बांधलं आणि मिशांना तेल लावून वाचनालयात आले.

"मास्तर, राजेगाववरून गोंदियाले जाणारी बस किती वाजता? सुशी गोंदियालेच राह्यते." मग हळूच, "तिनं दार नाही उघडलं तं?"

मी वाचनालयाला कुलूप घातलं आणि सोबत निघालो.

गोंदियात सुशीच्या दाराची कडी मीच वाजवली, काकांचा हात उचलेना. सुशीनं दार उघडलं. बापाकडं पाहिलं, रुमालाकडं पाहिलं, आणि पदर पसरला.