मामंजींचा हातचा

बसा हितं पारावर. यष्टी यायला अजून येळ हाय, तोवर एक गोष्ट सांगतो. खरी हाय, आन तुमच्याच कामाची हाय.

पुण्यात एक संस्था हाय. पैसा कमवत न्हाई. शाळांतलं गणित-विज्ञान सुधरावं म्हणून गावोगाव माणसं धाडून फॉर्म भरून घेती. घरात कोण शिकलंय, हिशेब कुणाला येतो, असलं सगळं. त्या कामावर जयसिंग नावाचा कारकून गेल्या माघात हितं कोळवणला आला. चाळीस घरं पुरी केली तर नोकरी कायम, एक जरी राहिलं तर घरी बसायचं. एकोणचाळीस झाली. राहिलं धोंडाबाईचं.

भर दुपारची येळ. म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडत व्हती. घरात माणसं किती, तर म्हणाली दोन, मी आन मामंजी. मामंजींना हिशेब येतो का, म्हणल्यावर तिनं जयसिंगाकडं असं बघितलं, जसं काय त्यानं म्हशीला शेपूट हाय का इचारलंय.

"बोलवा की त्यांना भायेर."

"ते कुटं उठत्यात आता. तुमी सांगा, मी इचारून येते."

फॉर्मात एक गणित व्हतं, सतरा गुणिले एकोणतीस. म्हातारी आत गेली. आत मिट्ट काळोख, आन एवढ्या उन्हात त्या दारातनं गार वारं येत व्हतं. बोलणं तिचं एकटीचंच ऐकू येई. मधीच थांबायची, मग "व्हय, व्हय" म्हणायची. तोवर जयसिंगानं मांडीवरच्या कागदावर गुणाकार केला. चारशे त्र्याऐंशी.

म्हातारी आली. "चारशे त्र्याण्णव."

"चुकलं, आजी."

"मामंजी म्हणत्यात, तुमी हातचे पाच धरलं. सा व्हतं."

कागद त्यानं कुणाला दाखवला न्हवता. बघितलं, तर खरंच सा.

गडी घामाघूम. पण फॉर्मावर अंगठा तर पायजेच. शाईची डबी आत गेली, फॉर्म परत आला. अंगठा उमटलेला, पण त्यावर रेघ म्हणून एक न्हाई. त्यानं उंबऱ्यातनं वाकून बघितलं. देव्हाऱ्यात आता दिवा लावलेला, आन त्याच्या उजेडात चांदीच्या पत्र्यावर तोंड ठोकलेला टाक, त्या तोंडाला निळी शाई.

"मामंजी अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत गेलं," म्हातारी म्हणाली. "पर कुटं जात न्हाईत."

आमच्याकडं गेलेल्या माणसाचा टाक बसवला की तो घरातच धरायचा. काय बी करायचं ते त्याला इचारून. म्हातारी खोटं कुटं बोलली?

जयसिंगानं फॉर्म फाडायला धरला. मग नोकरी आठवली. आपली हातच्याची चूक शेऱ्यात लिहून तसाच दिला धाडून पुण्याला.

आन काल धोंडाबाईकडं संस्थेचा कागुद आला. साऱ्या तालुक्यात कारकुनाची चूक काढणारा हा एकच माणूस सापडला, तवा मामंजींनी येऊन मास्तर लोकांना शिकवावं. जयसिंग कायम झाला. पयलं काम, त्यांना घेऊन येणं. तो पिरंगुटाच्या अलीकडं पाय टाकत न्हाई. चिट्ठी धाडली, ताप आलाय म्हणून.

तुमी पुण्यालाच निघालाय न्हवं? मग धोंडाबाईनं दिलेलं एवढं गाठोडं संस्थेत पोचतं करा. खिडकीशी मांडीवर घ्या, खाली टेकवू नका. आन वाटंत कानाशी कुणी आकडा बोललं, तर मागं बघू नका, नुसतं व्हय म्हणा.