अमीनाबीचं गाळलेलं वाक्य

भर बाजारात कोणी तुमचा हात धरून ठेवला आणि छातीत गाठ आहे का असं विचारलं, तर तुम्ही काय कराल?

घाटंजीच्या बाया पळायला बघत. पण अमीनाबी बांगडीवाली हुशार. बांगडी अंगठ्याच्या हाडावर आली की ती थांबायची. पुढे नाही, मागे नाही. ओढावं तर काच फुटणार. मग ती विचारायची, "आंघोळीच्या वक्ती छाती चाचपून पाह्यतं का नाही?"

गिऱ्हाइकांची नावं तिला आठवत नसत, मापं आठवत. "ओ सव्वादोन, इकडे ये!" म्हटलं की निम्मा बाजार वळे. मास्तरीणबाई एकदा संतापल्या, "अमीनाबी, लाज आहे की नाही?"

"हाय ना बाई. म्हणून तं हळू इचारून राह्यली."

तिचं हळू मोटारस्टँडवर ऐकू जायचं.

मी त्या काळी पत्रकं काढायचो. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीसाठी. मी कोणालाच भीत नाही, असा माझा लौकिक होता. निदान माझ्या मते. एका बाजाराच्या दिवशी अमीनाबी माझ्याकडे आली.

"बेटा, माह्यं बी एक छाप. बांगड्याच्या पुडक्यात घालीन. लिही, महिन्यातून एकदा छाती आपल्या हातानं चाचपून पाह्य. गाठ लागली अन् दुखत नसन, तरी डाक्टरीनबाईले दाखव."

दारूच्या ठेकेदाराचं नाव ठळक छापणारा मी 'छाती' या शब्दाशी अडलो. घरंदाज बाया वाचतील, काय म्हणतील? शेवटी छापलं ते एवढंच: "भगिनींनो, आरोग्याबाबत जागरूक राहा!"

अमीनाबीला अक्षर येत नव्हतं. शेजारच्या शिंप्याकडून तिनं ते वाचून घेतलं.

"यात गाठ कुठी हाय, बेटा?"

"अर्थ तोच आहे, अमीनाबी."

छापलेल्या गोष्टीचा तिला मोठा मान. डझनामागे एक पत्रक गुंडाळत राहिली.

असंच एक पत्रक माझ्या काकूकडे गेलं. काकूला वाचता येत होतं. पुतण्याचं म्हणून तिनं ते दोनदा वाचलं. तेव्हा तिच्या छातीत गाठ होती. वर्षभरानं काखेत सूज चढली, हात उचलेना, तेव्हा कुठे तिनं काकांना सांगितलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी मान हलवली. फार उशीर झाला होता.

"दुखतच नव्हती रे बाबू," काकू मला म्हणाली. "म्हटलं, दुखत नाही तं दाखवू कायले?"

पोळ्याच्या आधी ती गेली.

मी अमीनाबीपुढे जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. ती चटईवरचे काचेचे तुकडे वेचत राहिली.

"माही जुबेदा अशीच गेली," ती म्हणाली. या वेळी मात्र खरंच हळू. "दर ईदीले तिच्या हातात बांगड्या मीच भरत होती. माय असून पोरीले कदी इचारलं नाही."

मग चटईवर थोडी सरकली. "बस. उभा काहून?"

वाचकहो, आज घरी आईला, बहिणीला, बायकोला विचारा. शब्द नीट उच्चारून विचारा. गाठ असेल तर उद्याच्या पहिल्या मोटारीनं दवाखान्यात न्या. दुखत नसेल, तरी न्या.